पुरात नष्ट

करवत निम्म्याच्या खाली गेली आणि आवाज बदलला. तोवर ती गाळाने घट्ट झालेल्या कागदातून जात होती. असा कागद कापताना ओल्या लाकडासारखा बसका, घोगरा आवाज येतो. एकाएकी तो खुसखुशीत झाला, कोरड्या सुट्या पानांचा असतो तसा. माझ्या कानाला ते लगेच कळलं, हाताला कळायला वेळ लागला. खालचा पुठ्ठा तुटला आणि बाडाचे दोन तुकडे टेबलावर पडले.

बाद झालेल्या पुस्तकांपासून मी शिल्पं करते. विषय बहुतेक झाडं, पक्षी, नद्या. लोकांना वाटतं की रद्दीवाल्याकडून ढीग उचलायचा आणि फेविकॉलने चिकटवत सुटायचं. खरं तर कापण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ निवडण्यात जातो. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरून लोहचुंबक फिरवते, कारण तारेची शिलाई असली की करवतीचे दात जातात. मग एका पानाचा कोपरा आधी उभा आणि नंतर आडवा फाडून बघते. कागदाला तंतूंची दिशा असते. तंतूंच्या रेषेत तो सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा फाटतो. दमट हवेत कागद फुगतो तो तंतूंना आडवा. उभ्या आणि आडव्या तंतूंची पुस्तकं शेजारी चिकटवली, तर पहिल्याच पावसाळ्यात शिल्पाला भेगा पडतात. हे मला कलाशाळेत कुणी शिकवलं नाही. नारायण पेठेतल्या आमच्या बाइंडर काकांनी शिकवलं, तेही चहा पिता पिता.

जुन्या पुस्तकाचा कागद कडांकडून तपकिरी होत जातो, आत फिकट राहतो. झाडात याच्या बरोबर उलट असतं. गाभा गडद आणि साल काढल्यावर बाहेरचं लाकूड फिकट. पहिलं पुस्तक तिरकं कापलं तेव्हा हे दिसलं आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती. रंग न लावता, नुसत्या कापाच्या कोनावर उजेड आणि सावली मिळते. आजही माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं हेच आहे.

आणखी एक नेम. कापण्याआधी पुस्तकाचं नाव आणि वाचनालयाचा दाखल अंक, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक, माझ्या वहीत लिहायचा, आणि एक तरी पान वाचायचं. चुकून पाय लागला तर पुस्तकाला नमस्कार करायला शिकवणाऱ्या घरात मी वाढले. त्या शिकवणीशी मी एवढीच तडजोड करू शकले.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या बुडाल्या. २००५ सालच्या २६ जुलैच्या पुरातून सावरलेल्या माणसांनी सोळा वर्षांनी पुन्हा तोच चिखल उपसला. पाऊस भयंकर होता, भरतीही होती, आणि खाडीला भरती असली की नदीचं पाणी तुंबतं. त्यात कोयनेचं वीज निर्मितीचं पाणी कोळकेवाडी धरणातून याच नदीत येतं. त्यामुळे 'पूर आला की आणला' हा वाद तिथे प्रत्येक ओट्यावर ऐकू यायचा. मी त्यात पडणार नाही. पण तो वाद पुढे माझ्याच टेबलावर येऊन बसला.

त्या भागातल्या एका वाचनालयातून सहाव्या दिवशी फोन आला. ओळखीतून माझा नंबर मिळाला होता. "ताई, तुम्ही जुनी पुस्तकं नेता ना? सगळं घेऊन जा. आठ दिवसांत खोली मोकळी करायचीय." बोलत होते कार्यवाह. मी दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन कुंभार्ली घाटाने उतरले. मनात शिल्प तयार होतं हे मी लपवणार नाही. पुण्यातल्या एका संस्थेसाठी नद्यांवरच्या प्रदर्शनाचं काम माझ्याकडे होतंच. वाशिष्ठीचा आडवा छेद करायचा. डावीकडे सह्याद्रीचा माथा, मग घाट, मग शहर, उजवीकडे दाभोळची खाडी. नऊ फूट लांब, सगळा पुरात भिजलेल्या पुस्तकांचा, गाळ न काढता. पुराबद्दलचं शिल्प पुरानेच रंगवलेलं. कल्पना चांगली होती. अजूनही चांगलीच वाटते.

वाचनालयात शिरताच नाकात आला तो बुरशीचा आंबूस, तळघरासारखा वास. भिजलेलं पुस्तक फुगतं. फळीवर दाटीने बसलेली पुस्तकं फुगली की एकमेकांना अशी आवळतात की कपाटाच्या बाजू उकलतात. चार लाकडी कपाटं तशीच फुटून पालथी पडली होती. बाकीची अंगणात, ताडपत्रीवर, कलती करून टाकलेली. कुणीतरी काही पुस्तकं उघडून उन्हात ठेवली होती. हेतू चांगला, पण त्याने पुठ्ठा वेडावाकडा होतो आणि पाठ सुटते. भिजलेलं पुस्तक उभं ठेवायचं, हळूच थोडं फाकवायचं, दर काही पानांमागे टिपकागद नाहीतर वर्तमानपत्राचा कोरा कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा, आणि वारा द्यायचा. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर पानं ओली असतानाच सुटी करावी लागतात. एकदा वाळला की त्याची वीट होते, मग ती पानं कोणी सोडवू शकत नाही.

१९६६ साली फ्लॉरेन्सला आर्नो नदी ग्रंथालयात शिरली. आज आपल्याला भिजलेल्या पुस्तकांबद्दल जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्या चिखलात राबलेल्या माणसांनी शिकवलेलं आहे. नंतर लोकांना हेही कळलं की सगळं एकदम वाळवणं शक्य नसेल तर पुस्तकं गोठवून टाकावीत. बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. हे वाचून मला एक प्रश्न पडतो, तो गेली इतकी वर्षं डोक्यातून जात नाही. रत्नागिरीत मिरकरवाड्यासारखं बंदर आहे, मासळीसाठी बर्फ आणि शीतगृहं हा तिथला रोजचा व्यवहार आहे. कोकणातल्या वाचनालयांसाठी अशा एखाद्या शीतगृहाशी आधीच बोलून ठेवायला काय हरकत आहे? दर वर्षी पावसाळ्याआधी नालेसफाईच्या बैठका होतात. त्यात पुस्तकांसाठी एक ओळ असावी, एवढंच.

मी कार्यवाहांना म्हटलं, निदान निम्मी वाचतील, चार मुलं द्या, मी दाखवते. त्यांनी हात जोडले. "मॅडम, पिण्याला पाणी टँकरचं येतंय. पुस्तकं कशानं धुऊ? माणसं स्वतःच्या घरातला चिखल काढतायत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याही अंगावर कोपरापर्यंत चिखल वाळलेला होता. तरी एक सांगते. वर्गणी भरून वर्षानुवर्षं एकही पुस्तक न बदलणारे सभासद त्या दिवशी अंगणात येऊन 'अरेरे' म्हणत फोटो काढत होते, आणि त्यातल्या एकानेही टिपकागद हातात घेतला नाही. माझ्या प्रदर्शनांत येऊन 'पुस्तक कापवतं कसं हो तुम्हाला?' असं विचारणारी माणसंही बहुतेक याच जातीची असतात.

राबत होत्या त्या ग्रंथपाल बाई. एकट्या. पायात गमबूट, नाकाला ओढणी बांधलेली, आणि मांडीवर दाखल नोंदवही. नोंदवही त्यांनी पाणी चढताना डोक्यावर धरून माडीवर नेली होती. तलाठ्यांचा पंचनामा झाला होता. एकेक दाखल अंक बघून त्या शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होत्या, 'पुरात नष्ट'. खाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं असतं तर चाललं असतं. त्या प्रत्येक ओळीत पूर्ण लिहीत होत्या.

मी आणि टेम्पोवाला दादा, आम्ही दिवसभरात सहाशेच्या आसपास पुस्तकं भरली. त्यात दिवाळी अंकांची काही बाडं होती. जुन्या वाचनालयांत चार-चार अंक एकत्र शिवून, वर कापडी पाठ चढवून बाड करण्याची पद्धत होती. का. र. मित्रांनी १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी माणसाने किती वाचलं याचा हिशेब अशा बाडांत असतो. त्यातलं एक बाड पालथ्या कपाटाखाली चिखलात रुतलेलं मिळालं. वरचा पुठ्ठा सुटलेला, चारी कडांना बोटभर गाळ. बाई म्हणाल्या, "हे वरच्या फळीवर असायचं. गेलं बघा." मी ते ढिगात टाकलं.

पुण्यात पुस्तकं वाळायला तीन महिने लागले. पंख्याखाली, जाळीच्या घडवंच्यांवर, रोज उलटीपालटी करत. मग काम सुरू झालं. गाळ झडू नये म्हणून ॲक्रिलिकचा लेप द्या असं सगळ्यांनी सुचवलं. तो मी देत नाही. लेप दिलेला कागद पाण्यात भिजून सुटत नाही, म्हणजे पुढे कधी तो लगदा करायच्या कामाचा राहत नाही. निसर्गाबद्दलच्या शिल्पावर प्लास्टिक चढवायचं हे मला पटत नाही. मी कणकेची खळ वापरते, किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालून, बाइंडर काका करायचे तशीच. छेदावर मी दोन दोरे शिवणार होते, निळा आणि लाल, मेणातून ओढून. पाटबंधारे खात्याच्या पूररेषांचे ते रंग. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

ते बाड वाळून दगड झालं होतं. कडा गाळाने आणि सरसाने बंद झालेल्या. दाखल अंक पाठीवरच्या चिठ्ठीवर वाचता आला, तो वहीत लिहिला. पान वाचायचं राहिलं. उघडतच नव्हतं. पातळ सुरी कडेने फिरवली असती तर उघडलं असतं, अर्धा तास लागला असता. प्रदर्शनाला नऊ दिवस होते. मी काप आखला आणि करवत घेतली.

पहिले दोन अंक, सुटलेल्या पुठ्ठ्यातून गाळ शिरून एकजीव झाले होते. त्याखालचे दोन अंक आतून स्वच्छ होते. वरच्या फळीवर दाटीत बसलेलं, म्हणून पाणी आत गेलंच नव्हतं. कपाट कोसळल्यावर चिखल लागला तो कडांना. तिसऱ्या अंकाचं मधलं पान मी अलगद उचललं. शाई काळीभोर होती. एका तेलाची जाहिरात, शेजारी कथेचा शेवट. पान सळसळलं.

छेदात त्या बाडाची जागा शहराच्या सपाट भागात येत होती, म्हणून काप जवळजवळ आडवा होता. दोन्ही तुकडे जुळवून धरले की पान वाचता येतं. फक्त करवतीची फट आणि तिच्या दोन्ही बाजूंना कुस्करलेला कागद, मिळून एक ओळ जाते. प्रत्येक पानावर एक. कुठे वाक्याचा मधला भाग, कुठे कवितेची अख्खी ओळ. त्या रात्री मी दोन्ही अंक तसेच, तुकडे जुळवत, वाचून काढले. सवयीने गेलेली ओळ मनात भरत होते, आणि दर पानाला कळत होतं की ही मी भरलेली आहे, लिहिणाऱ्याची नाही.

बाड शिल्पात लावलं नाही. त्या जागी दुसरं लावलं, कुणाला कळलं नाही. प्रदर्शनात शिल्प आवडलं. लोक गाळाच्या रेषेला बोट लावून बघत होते. मी प्रत्येकाला हात लावू दिला.

जानेवारीत मी दोन्ही तुकडे खादीत गुंडाळून वाचनालयात घेऊन गेले. भिंतींना नवा चुना होता, कपाटं लोखंडी आली होती, खालचा खण सगळ्यांनी रिकामा ठेवला होता. ग्रंथपाल बाईंनी चष्मा लावून दोन पानं जुळवून वाचली, ओठ हलवत. फटीपाशी त्या थांबल्या, मग पुढे गेल्या.

मी म्हटलं, "बाई, हे पुराने गेलेलं नाही. हे मी कापलंय. नोंदवहीत शेरा बदला. 'कापले' असं लिहा, हवं तर माझं नाव घाला."

त्यांनी नोंदवही काढली. पानांच्या कोपऱ्यांवर चिखलाच्या बोटांचे ठसे अजून होते. दाखल अंक सापडला. समोर त्यांच्याच अक्षरात, 'पुरात नष्ट'.

"ताई, यादी वर गेलीय. आता खाडाखोड चालत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि माझ्या समोरच तर ढिगात टाकलंत. मी तरी कुठे उघडून बघितलं?"

बाड त्यांनी ठेवून घेतलं नाही, नोंदीत नसलेली वस्तू ठेवायला जागा नाही म्हणून. ते माझ्याकडे आहे. पातळ सुरी आता करवतीच्या शेजारीच टांगलेली असते. ज्या पुस्तकाची कड बंद आहे त्याला अर्धा तास देते, काम कितीही तातडीचं असलं तरी. त्यानंतर आजवर अशी अकरा पुस्तकं उघडली. नऊ खरोखरच संपलेली होती. दोन आतून कोरडी निघाली. ती ज्यांची होती त्यांना परत पाठवली.