आमची वाटचाल : गिअरच्या प्लेपासून फेजच्या टेबलपर्यंत

सुरुवातीला आम्ही तिघंच होतो आणि काम एकच, फिरणाऱ्या रडार अँटेनाचा बीम (तिच्यातून निघणारा रेडिओ लहरींचा झोत) सांगितलेल्या दिशेलाच जातो का ते तपासायचं. डिस्प्लेवर ३७ अंश दिसतंय तर बीम खरंच ३७ वर आहे का, बस एवढंच. पण ०.१ अंशाची चूक १०० किलोमीटरवर जवळजवळ १७५ मीटर होते, त्यामुळे "एवढंच" म्हणून सोडून देता येत नाही.

त्या कामात शत्रू डोळ्यांना दिसायचे. १७ बिटचा एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर) ०.००३ अंशापेक्षाही बारीक वाचतो, पण तो मोटरच्या बाजूला बसवलेला असेल आणि पुढे गिअरमध्ये प्ले (दात्यांमधली ढिलाई) असेल तर त्या बारीकपणाचा काय उपयोग? आमची पहिली टेस्ट आजही तीच आहे, एकाच बिंदूवर एकदा डावीकडून यायचं, एकदा उजवीकडून, आणि दोन रीडिंगमधला फरक लिहून ठेवायचा. पेडेस्टल (अँटेना ज्यावर उभी असते ती बैठक) लेव्हलमध्ये नसेल तर अँटेना एका बाजूला वर बघते आणि बरोबर समोरच्या बाजूला तेवढीच खाली, ग्राफवर सुंदर लाट दिसते, ती बघितली की लगेच कळतं पाना कुठे फिरवायचा.

सूर्यावर तपासणी करायलाही आम्ही तेव्हाच शिकलो. ट्रान्समीटर बंद, फक्त ऐकायचं, सूर्याकडून येणारा रेडिओ लहरींचा आवाज जिथे सगळ्यात जास्त येतो ती दिशा गणिताने काढलेल्या जागेशी जुळवायची. एकदा दिवसभर चूक पाव अंशाच्या आसपास येत राहिली, आम्ही गिअरबॉक्स उघडायच्या तयारीत, आणि संध्याकाळी लक्षात आलं की रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरचं घड्याळच एक मिनिट मागे आहे. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला पाव अंश! तेव्हापासून घड्याळ जुळवल्याशिवाय आमच्याकडे कुणी केबलला हात लावत नाही.

मग इलेक्ट्रॉनिक बीमवाले ॲरे आले, म्हणजे शेकडो छोट्या अँटेनांचे (एलिमेंटचे) पॅनेल, ज्यात प्रत्येक एलिमेंटच्या लहरीची फेज (लहर किती पुढे-मागे आहे ते) बदलून बीम वळवतात. काहीच हलत नाही, गिअर नाही, वाऱ्याचा धक्का लागून मोटर मागे पडत नाही, मायक्रोसेकंदात बीम इकडून तिकडे, आम्हाला खरंच वाटलं की आता आपलं काम संपलं. झालं उलटंच. पहिल्याच मोठ्या कामात ग्राहकाची तक्रार होती की समोरचं टार्गेट अचूक दिसतं पण ४५ अंशावरचं कधी बरोबर, कधी अर्धा अंश बाजूला. आम्ही बोल्ट तपासले, लेव्हल तपासली, आठवडा गेला. मग आमच्यातल्या एकीने रीडिंगच्या शेजारी फ्रिक्वेन्सीचा कॉलम लिहायला घेतला आणि सगळं उघड झालं. फेज शिफ्टरची (एलिमेंटची फेज बदलणाऱ्या भागाची) सेटिंग तीच ठेवून फ्रिक्वेन्सी १ टक्का बदलली की बीम ४५ अंशावर साधारण ०.५७ अंश सरकतो, ६० अंशावर जवळजवळ १ अंश, आणि सरळ समोर बघत असेल तर अजिबात नाही. प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी फेजचं वेगळं टेबल भरल्यावर ते रडार सुधारलं. (पल्सच खूप रुंद बँडचा असेल तर टेबल पुरत नाही, तिथे खरा टाइम डिले, म्हणजे सिग्नल प्रत्यक्ष उशिराने सोडणं, लागतो.)

तपमानाचंही तसंच. सगळा पॅनेल सारखा तापला तर बीम हलत नाही, पण एका बाजूचा पंखा बंद पडला आणि डावीकडून उजवीकडे उष्णता चढत गेली की फेजलाही उतार मिळतो आणि बीम त्या उताराप्रमाणे कलतो. सुटेसुटे फेज शिफ्टर थोडे इकडेतिकडे चुकले तर त्याचं एवढं वाटत नाही, शेकडो एलिमेंटमध्ये ते बरंचसं धुऊन निघतं, भीती असते ती एका दिशेने वाढत जाणाऱ्या चुकीची.

म्हणून कुणी फोनवर विचारतं "अचूकता किती?" तर आम्ही आधी उलट विचारतो, कुठल्या कोनावर? फिरणारी अँटेना सगळीकडे तोच बीम घेऊन जाते, ॲरेचा बीम ६० अंशावर दुप्पट रुंद होतो आणि फेजची तीच चूक तिथे कोनात दुप्पट दिसते. एकच आकडा देणं आम्हाला पटत नाही, कोन, फ्रिक्वेन्सी आणि तपमान असं पूर्ण कोष्टकच देतो, भले रिपोर्ट लांबला तरी चालेल.

सध्या टेस्ट रेंजवर जो ॲरे चढवलाय तो आडवा मोटरने फिरतो आणि वर-खाली बीम फेजने हलतो, त्यामुळे दोन्ही जातीच्या चुका एकाच मशीनमध्ये आहेत. प्लेची रीडिंग सकाळीच झाली, आता पॅनेल तापायची वाट बघतोय.