गुन्हा घडलेला नसतानाही भेटणारे पोलीस

शनिवारी सकाळी टोकियोतल्या आमच्या घराच्या दारावरची बेल वाजली आणि बाहेर गणवेशातला पोलीस उभा होता. जेमतेम पंचविशीचा, हातात एक छोटी फाइल. समोरच्या फ्लॅटमधल्या सोलापूरच्या वहिनी तेव्हा नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांनी पटकन दार लोटून घेतलं आणि मला मेसेज केला, "काय झालं हो? घरी सगळं ठीक ना?"

काहीच झालं नव्हतं. आमच्या भागातल्या चौकीत त्याची नव्यानं नेमणूक झाली होती आणि तो ओळख करून घ्यायला घरोघर फिरत होता. त्यानं एक कार्ड पुढे केलं. घरात कोण कोण राहतं, फोन नंबर काय, आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवायचं, एवढंच त्यात भरायचं होतं. याला इथं 'जुनकाई रेनराकु' म्हणतात, म्हणजे फिरती भेट. कार्ड भरायची सक्ती नसते. "मोठा भूकंप झाला, तर कुठल्या घरात कोणाला शोधायचं ते आम्हाला कळतं," असं तो म्हणाला. शेजारी कुणाचा त्रास आहे का, सायकल चोरीला गेली आहे का, हेही विचारलं. निघताना एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: पोलीस असल्याचं सांगून फसवणारे हल्ली वाढलेत, तेव्हा पुन्हा कोणी आलं तर ओळखपत्र मागा, ठाण्यात फोन लावून खात्री करा आणि मगच दार उघडा. आपल्याकडच्या 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या मी रोज वाचते, त्यामुळे त्याचं म्हणणं मला लगेच पटलं.

आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशीकासाईला राहतो. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सॉफ्टवेअरच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर इथं येऊ लागले आणि आज या भागात हजारो भारतीय आहेत. मराठी कुटुंबंही भरपूर. इथल्या सुरक्षिततेचं कौतुक सगळेच करतात: रात्री अकराला बाई एकटी चालत घरी येते, सहा वर्षांचं पोर एकटं शाळेत जातं. पण त्यामागची पोलीस व्यवस्था कशी चालते, हे सहसा कोणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं, कारण शहराच्या पोलिसांचं काम काय असावं याबद्दलची माझी समजूत इथं राहून पार बदलली.

सुरुवात चौकीपासूनच करते. तिचं नाव कोबान. संपूर्ण टोकियोत अशा ८०० च्या वर कोबान आहेत. स्टेशनबाहेर, चौकात, बाजाराच्या तोंडाशी. दारावर लाल दिवा, आत एक टेबल, दोन-तीन खुर्च्या आणि परिसराचा मोठा नकाशा. बाहेरच्या फलकावर टोकियोत काल अपघातात किती जण जखमी झाले आणि किती दगावले, याचे आकडे रोज बदलतात. स्टेशनकडे जाताना माझी नजर आपोआप त्या फलकाकडे जाते. मृतांच्या रकान्यात शून्य दिसलं की बरं वाटतं.

गेल्या वर्षी आई कोल्हापूरहून आली होती. संध्याकाळी बागेत फिरायला जायची. इथल्या इमारती एकसारख्या एक. एकदा तिचं वळण चुकलं. तिला मराठी आणि थोडंफार हिंदी येतं, जपानी अक्षरही नाही. लाल दिवा बघून ती सरळ कोबानमध्ये शिरली आणि पर्समधला पत्त्याचा कागद टेबलावर ठेवला. तिथल्या पोलिसानं तिला खुर्चीत बसवलं, परिसराचं एक जाडजूड नकाशापुस्तक काढलं (त्यात घरागणिक नावं छापलेली असतात) आणि आमच्या इमारतीवर बोट ठेवून तिला दाखवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. स्वतःची सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत आमच्या दारापर्यंत आला. आई आता कोल्हापुरात भेटेल त्याला ही हकीकत सांगते, आणि सायकलचा उल्लेख कधीच गाळत नाही.

कोबानमधलं बरंचसं काम असंच असतं. पत्ता सांगणं, दारू पिऊन फुटपाथवर झोपलेल्याला उठवणं, वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरी पोचवणं, नवरा-बायकोच्या भांडणात मध्ये पडणं. पाकीट हरवलं आणि घरी जायला तिकिटाचे पैसे नसतील, तर थोडी रक्कम उसनीसुद्धा मिळते. आणि हरवलेल्या वस्तू! टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला ४० लाखांच्या आसपास वस्तू जमा होतात. त्यात छत्र्याच लाखोंनी. ठाण्यात काही दिवस ठेवून त्या ईदाबाशी भागातल्या मध्यवर्ती केंद्रात पाठवतात.

आमच्या लेकाला एकदा बागेत नाण्यांचं छोटं पाकीट सापडलं, तेव्हा त्याला घेऊन मी कोबानमध्ये गेले होते. त्या पोलिसानं प्रत्येक नाणं मोजून लिहिलं, पाकिटाचा रंग लिहिला, कुठल्या बाकाजवळ आणि किती वाजता सापडलं ते विचारलं. मग कायद्यानं विचारायचे प्रश्न विचारले: मालक सापडला तर बक्षीस घेण्याचा हक्क ठेवणार का, तीन महिन्यांत कोणीच आलं नाही तर वस्तू घेणार का, मालकाला तुमचं नाव कळवलं तर चालेल का. बक्षीस म्हणजे किमतीच्या ५ ते २० टक्के. लेकरू आठ वर्षांचं, पण पोलीस त्याच्याशी अगदी अदबीनं बोलत होता आणि पावतीवर नावही त्याचंच घातलं. नागरिकाचा आणि पोलिसाचा पहिला संबंध आठव्या वर्षी असा आला, की तो आयुष्यभर पुरतो असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्या कोबानांच्या वर एक प्रचंड यंत्रणा आहे. तिचं नाव केइशिचो, म्हणजे टोकियोचं महानगर पोलीस दल. १८७४ साली ती स्थापन झाली. सात्सुमा प्रांतातल्या कावाजी तोशियोशी या माणसानं त्याआधी युरोपात जाऊन तिथली, मुख्यतः फ्रान्सची, पोलीस पद्धत अभ्यासली होती आणि तोच तिचा पहिला प्रमुख. मुख्यालय राजवाड्याच्या खंदकासमोर, साकुरादामोन दरवाजाजवळ आहे, अठरा मजली इमारतीत. याच दरवाजाबाहेर १८६० मध्ये शोगुनाचा (तेव्हाच्या लष्करी शासकाचा) प्रमुख मंत्री ई नाओसुके याची बर्फ पडत असताना हत्या झाली होती. आज नुसतं 'साकुरादामोन' म्हटलं तरी लोक पोलीस मुख्यालय समजतात.

केइशिचोत सुमारे ४६ हजार माणसं आहेत आणि १०२ पोलीस ठाणी. हद्द म्हणजे फक्त महानगर नव्हे. पश्चिमेचे ओकुतामाचे डोंगर आणि दक्षिणेला हजार किलोमीटरवर समुद्रात असलेली ओगासावारा बेटंसुद्धा टोकियोत मोडतात, त्यामुळे तिथलं ठाणंही यांचंच. असल्या दुर्गम भागात कोबानऐवजी 'चुझाइशो' असतं: पोलीस कुटुंबासह चौकीतच राहतो, आणि तो गस्तीला गेला की आलेल्या माणसाची विचारपूस त्याची बायको करते. त्याबद्दल तिला भत्ता मिळतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वरची रचना. युद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात जपानात गावोगाव वेगळे पोलीस केले होते, असे सुमारे १६००. ते पेलवेनात. १९५४ च्या कायद्यानं प्रांतवार पोलीस आले, पण एक गोष्ट जपली: राज्यपाल (इथं लोकच त्यांना निवडून देतात) किंवा मंत्र्यानं पोलिसांना थेट हुकूम द्यायचा नाही. मध्ये एक सार्वजनिक सुरक्षा आयोग असतो. टोकियोच्या आयोगात पाच सदस्य असतात. मागच्या पाच वर्षांत पोलीस किंवा सरकारी वकील म्हणून काम केलेला माणूस त्यात चालत नाही. सदस्यांना राज्यपाल नेमतात, तेही विधानसभेच्या संमतीनं, आणि पोलिसांवर देखरेख हा आयोग करतो. केइशिचोचा प्रमुख नेमायचा तर राष्ट्रीय आयोग, टोकियोचा आयोग आणि पंतप्रधान, तिघांचा होकार लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यात राज्य सुरक्षा आयोग नेमायला सांगितलं, त्यामागचा विचार याच्या जवळचाच. आयुक्ताच्या बदलीची बातमी आली की कोण कोणाच्या मर्जीतला याची चर्चा आपल्याकडे पहिली होते. ती थांबावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही रचना जरूर अभ्यासावी.

मुख्यालयात वाहतूक, गुन्हे तपास, संघटित गुन्हेगारी, बंदोबस्त, हेरगिरी आणि दहशतवादावर नजर ठेवणारा विभाग, असे वेगवेगळे विभाग आहेत. पंतप्रधानांचे अंगरक्षकही इथलेच. बंदोबस्तवाल्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. जून २०१३ मध्ये जपान फुटबॉलच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला आणि शिबुयाच्या चौकात तरुणांची तोबा गर्दी झाली. दंगलविरोधी दलातला एक तरुण पोलीस गाडीवर उभा राहून ध्वनिक्षेपकावरून बोलायला लागला, की तुम्ही आमच्या संघाचे बारावे खेळाडू आहात, नियम पाळा, रागावलेले दिसणारे हे पोलीसही मनातून खूशच आहेत. लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि बाजूला झाले. पुढे त्याला प्रमुखांकडून पुरस्कार मिळाला. विसर्जनाच्या रात्री तासन्‌तास उभे राहणारे आपले पोलीस मी लहानपणापासून पाहिलेत. त्यांच्यातही असे गोड बोलणारे कितीतरी असतात, त्यांचं कौतुक मात्र कोणी करत नाही.

केइशिचोत भरती झालेल्याचं प्रशिक्षण फुचू इथल्या अकादमीत होतं. पदवीधराला सहा महिने, बारावी झालेल्याला दहा. त्यानंतर पहिली नेमणूक कोबानमध्ये. पुढे खुनाचा तपास करायचा असो की मंत्र्यांचं संरक्षण, आधी लाल दिव्याखाली बसून लोकांना रस्ता सांगायचा. माझ्या मते या व्यवस्थेचं सगळं मर्म या एका नियमात आहे.

इथं लायसन्ससाठी आरटीओ नसतो, हेही नव्यानं येणाऱ्यांना माहीत नसतं. गाडीचं लायसन्स सुरक्षा आयोगाच्या नावानं निघतं आणि परीक्षा केंद्रं पोलीसच चालवतात: सामेझू, कोतो आणि फुचू. भारतीय लायसन्स बदलून घ्यायलाही तिथंच जायचं, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन. आणि गाडी घ्यायची तर आधी पोलीस ठाण्यातून जागेचा दाखला आणावा लागतो. गाडी ठेवायची जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असली पाहिजे, तिची मोजमापं, नकाशा, मालकाची संमती, सगळं जोडायचं. जागा नाही तर गाडीची नोंदणी नाही. कोल्हापुरात माहेरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या बघते, तेव्हा या दाखल्याची आठवण होते.

पण मायदेशी फक्त गोडगोड चित्र पाठवायचं मला पटत नाही. अटक झाली की ही व्यवस्था फार कठोर होते. पोलिसांकडे ४८ तास, मग सरकारी वकिलाकडे २४, त्यानंतर न्यायाधीशाच्या परवानगीनं दहा-दहा दिवसांची दोनदा वाढ. म्हणजे आरोपपत्राशिवाय २३ दिवस, तेही बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत. चौकशीच्या खोलीत वकील बसू शकत नाही. कबुलीजबाबावर भर देणाऱ्या या पद्धतीवर जपानी वकील स्वतः वर्षानुवर्षं टीका करतात, आणि ती रास्त आहे. परदेशी दिसणाऱ्या माणसाला रस्त्यात थांबवून चौकशी करण्याचा प्रश्नही खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी वंशाच्या तीन रहिवाशांनी केवळ दिसण्यावरून वारंवार अडवलं जातं म्हणून टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. वाट चुकलेल्या माझ्या आईला घरी पोचवणारी व्यवस्था आणि ही व्यवस्था एकच आहे. दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या बऱ्या.

टोकियोला येणाऱ्यांनी चार गोष्टी करून ठेवाव्यात. राहण्याचं ओळखपत्र कायम जवळ बाळगा, ते कायद्यानंच लागतं. सायकल घेतलीत तर दुकानातच तिची पोलीस नोंदणी करून घ्या. रात्री गस्तीवरचे पोलीस त्या स्टिकरवरून मालक कोण ते तपासतात. आई-वडील येणार असतील, तर जपानी लिपीत पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहून त्यांच्या खिशात ठेवा. कोबानमध्ये गेलात आणि आत कोणी नसेल, तर परत फिरू नका; सगळे गस्तीवर असतात, टेबलावरचा फोन उचलला की ठाण्यात लागतो. रुग्णवाहिका आणि आग यांसाठी ११९, पोलिसांसाठी ११०, आणि तातडीचं नाही पण सल्ला हवा असेल तर हॅश ९११०. ११० लावलात की पलीकडून पहिला प्रश्न येतो: घटना की अपघात? 'जिकेन' म्हणजे घटना, 'जिको' म्हणजे अपघात. त्यानंतर ठिकाण विचारतात. जपानी येत नसेल तर 'इंग्लिश प्लीज' म्हणा, दुभाषाला लाइनवर घेतात. ठिकाण सांगता येत नसेल तर जवळच्या विजेच्या खांबावरची पट्टी वाचून दाखवा, कारण बऱ्याच खांबांवर त्या भागाचा पत्ता लिहिलेला असतो.