पिस्तूल झाकणारं जॅकेट: शिकागोच्या थंडीतला माझा अनुभव

‘खास महिलांसाठी कन्सील्ड कॅरी जॅकेट’ (म्हणजे पिस्तूल लपवून बाळगायचं जॅकेट) अशी जाहिरात पाहून कुणी ऑर्डर देणार असेल, तर आधी हे वाचा. पिस्तूल बाळगायचं लायसन्स काढताना झाला नाही एवढा मनस्ताप मला त्या जॅकेटनं दिला. राग अजून गेलेला नाही.

आमची शिकागोच्या उपनगरात नाण्यांवर चालणारी लॉन्ड्री आहे. रात्री दुकान बंद करून पैसे गाडीपर्यंत मीच नेते. म्हणून हे लायसन्स. इलिनॉय राज्यात आधी फॉइड कार्ड (शस्त्र बाळगणाऱ्याचं सरकारी ओळखपत्र), मग १६ तासांचं ट्रेनिंग, नेमबाजीच्या रेंजवर ३० गोळ्यांची परीक्षा, १५० डॉलर फी. ते सगळं नीट पार पडलं. पण इथे पिस्तूल उघड्यावर लावून फिरता येत नाही. कायद्याची भाषा अशी आहे की ते ‘पूर्णपणे किंवा बहुतांशी’ लोकांच्या नजरेआड असलं पाहिजे. म्हणजे जॅकेट ही हौसेची बाब राहत नाही. उन्हाळ्यात सैल कुर्ता पुरतो, ऑक्टोबरपासून खरा प्रश्न सुरू होतो.

तर ते जॅकेट. कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटोत सुंदर दिसत होतं, कमरेत घेतलेलं, डाव्या बाजूला आतून पिस्तुलाचा खिसा. घरी आल्यावर पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या आणि मगच खिशात घालून पाहिलं. खिशातलं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) म्हणजे वेल्क्रोवर चिकटवलेली इलॅस्टिकची पट्टी. ट्रिगरवर कडक आवरण काहीच नाही; कापडाबाहेरून बोट दाबलं तर ट्रिगर हाताला लागत होता. खुर्चीत बसले की पिस्तूल आडवं व्हायचं आणि नळीचं तोंड शेजारी बसणाऱ्याकडे. बाहेर काढताना ती नळी माझ्याच डाव्या दंडावरून फिरायची. नऊ एमएमचं छोटं पिस्तूल भरलं की ६०० ग्रॅमच्या पुढे जातं, त्यामुळे जॅकेटची डावी बाजू खाली ओढली जाऊन गळा तिरका झाला होता. ज्या कामासाठी विकलं, त्याच कामाला ते नालायक होतं.

परत करायला गेले तर वेबसाइटच्या फॉर्मवर कारणं चारच: लहान होतं, मोठं होतं, रंग वेगळा निघाला, विचार बदलला. ‘खिसा सुरक्षित नाही’ याला जागाच नाही. ‘विचार बदलला’ निवडलं की टपालखर्च माझा आणि वर परतीची कपात. माझा विचार कुठे बदलला होता? फोन केला. कितीतरी वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीनं सांगितलं की दोषाचे फोटो पाठवा. पाठवले. दुसऱ्या दिवशी यंत्राचं उत्तर आलं: फोटोत शस्त्र दिसत असल्यामुळे तक्रार स्वीकारता येत नाही. पिस्तुलाच्या खिशाची तक्रार पिस्तुलाशिवाय कशी दाखवायची, हे सांगायला तिथे माणूसच नव्हता. मग पिस्तुलाच्या जागी तेवढ्याच वजनाची चिमटा-पक्कड गुंडाळून फोटो काढले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.

शेवटी जॅकेट परत पाठवायची परवानगी मिळाली. पाठवलं. त्यानंतर कित्येक आठवडे ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच दिसत होतं. निकाल आला तो असा: खिशाजवळ कापड ताणलेलं आहे, वस्तू वापरलेली दिसते, पैसे मिळणार नाहीत. घरात चाचणीपुरतं वजन ठेवलं तेवढ्यानं कापड ताणलं गेलं, हाच तर माझा मुद्दा होता! तोच त्यांनी माझ्याविरुद्ध वापरला. मी क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला, जाहिरातीचं पान, पहिले फोटो, सगळे ईमेल जोडले, तेव्हा कुठे पैसे परत आले. अशी तक्रार लेखी करायला कायद्यानं तो खर्च दाखवणाऱ्या कार्डाच्या पहिल्या स्टेटमेंटपासून ६० दिवस मिळतात. कंपनीच्या गोड ईमेलांत ते ६० दिवस संपू देऊ नका. आणि अशा वस्तू डेबिट कार्डावर घेऊच नका.

हे निस्तरेपर्यंत थंडी वाढली होती आणि माझ्याकडे जॅकेट नव्हतं. तेव्हा आमच्या ट्रेनरबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला पटलं आणि आजही पटतं: पिस्तूल अंगावर बांधा, जॅकेटला फक्त झाकू द्या. कमरेला जाड पट्टा, त्यावर उजव्या बाजूला ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं (एक टणक प्लॅस्टिक) कडक होल्स्टर. मग जॅकेट कुठलंही साधं चालतं. खिशातल्या पिस्तुलाचा आणखी एक धोका म्हणजे जॅकेट काढलं की पिस्तूलही गेलं. डॉक्टरकडे, कुणाच्या घरी, लग्नाच्या हॉलमध्ये जॅकेट खुंटीवर टांगलं जातं आणि खुंटीखाली लहान मुलं खेळत असतात. माझ्यासाठी तेवढं एक कारण पुरेसं होतं.

मी शेवटी एका साध्या दुकानातून पुरुषांच्या विभागातलं जाड कॅनव्हासचं जॅकेट घेतलं. बायकांची जॅकेटं कमरेत आवळलेली आणि आखूड असतात. हात वर केला की होल्स्टर उघडं पडतं, वाकलं की पिस्तुलाची मूठ कापडातून उठून दिसते. घरी आरशासमोर होल्स्टर लावून वरच्या फळीवरचा डबा काढा, बुटाची नाडी बांधा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. तिन्ही वेळा कापडातून पिस्तुलाचा कोन दिसला नाही तर जॅकेट ठेवा. वारा अडवणारं पातळ जॅकेट शिकागोच्या वाऱ्यात अंगाला चिकटतं, ताणलं जाणाऱ्या मऊ कापडाचं सॉफ्टशेल जॅकेट तर त्याहून. आपला आकार धरून ठेवणारं कापड हवं. अस्तर गुळगुळीत पाहा. जाळीचं अस्तर पिस्तुलाच्या मागच्या कडेत अडकतं. माझ्या जॅकेटला तसंच होतं, लॉन्ड्रीशेजारच्या शिवणवाल्या बाईंनी उजव्या बाजूला सॅटिनचा तुकडा लावून दिला.

दोन्हीकडून उघडणारी झिप असल्याशिवाय जॅकेट घेऊ नका. २०१९ च्या ३० जानेवारीला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० सेल्सिअसच्या खाली गेला होता. तसल्या दिवशी जॅकेट उघडं ठेवून कोण फिरेल? खालून सहा इंच झिप उघडली की छाती गरम राहते आणि हात कमरेपर्यंत पोचतो. हातमोजे घालून हे करायचा सराव वेगळा लागतो. तो रिकाम्या पिस्तुलानंच, घरी, आणि गोळ्या खोलीत नसताना.

जॅकेटचा उजवा खालचा कोपरा हलका असेल तर बाजूला सारताना तो परत येऊन मुठीवर पडतो. त्या बाजूच्या खिशात मी क्वार्टरचा, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यांचा, एक रोल ठेवते: ४० नाणी, साधारण २२७ ग्रॅम. आमच्या धंद्यात त्यांची कमतरता नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: जॅकेटच्या खालच्या कडेला आवळायची नाडी आणि प्लॅस्टिकचा गट्टू असतो, तो पहिल्याच दिवशी कापून टाका. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना तो गट्टू ट्रिगरच्या कड्यात शिरला तर गोळी सुटू शकते, आणि ती आपल्याच मांडीत. परत घालताना घाई नको. जॅकेट डाव्या हातानं पूर्ण बाजूला धरून, होल्स्टरकडे बघूनच घाला.

आणि लायब्ररी, शाळा, मेट्रा किंवा सीटीएच्या गाड्या (इथल्या सार्वजनिक रेल्वे आणि बस), शस्त्रबंदीची पाटी लावलेली दुकानं इथे पिस्तूल नेता येत नाही. त्यामुळे आपल्या गाडीत पिस्तूल ठेवायला कुलपाची पेटी हवीच. पट्ट्याला क्लिपनं अडकवायचं होल्स्टर पिस्तुलासकट काढून पेटीत ठेवता येतं, भरलेलं पिस्तूल हाताळावं लागत नाही. जॅकेट लांब असलं की हे काम पार्किंगमध्ये कुणाला दिसतही नाही.

एक विनंती लॉन्ड्रीवाली म्हणून करते. मशीनमध्ये टाकण्याआधी जॅकेटचे सगळे खिसे उलटे करा, आतला लपलेला खिसासुद्धा. रेंजवरून येताना खिशात राहिलेली गोळी ड्रायरच्या उष्णतेत जाऊ देऊ नका. मेण लावलेल्या कापडाचं जॅकेट तर मशीनमध्ये टाकूच नका, गार पाण्यात भिजवलेल्या स्पंजनं पुसा आणि हवेवर वाळवा.