पिग-ए जनुक आणि पीएनएचची चाचणी: माझा अनुभव

पीएनएच (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया, तांबड्या पेशी फुटत राहण्याचा रक्ताचा आजार) ओळखण्यासाठी फ्लो सायटोमेट्री, म्हणजे चमकत्या खुणा लावलेल्या पेशी मशीनमधून एकेक करून मोजणं, करताना पिग-ए जनुक कुठेच दिसत नाही. ते बिघडल्यावर पेशीवरून काय नाहीसं झालं, तेवढंच दिसतं. दीडशेच्या आसपास प्रथिनांना पेशीच्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा जीपीआय नावाचा स्निग्ध नांगर घडवायची पहिली पायरी या जनुकाशिवाय होत नाही. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मज्जेतल्या एका मूळपेशीत एकच उत्परिवर्तन पुरतं: पुरुषाकडे दुसरी प्रत नसते आणि स्त्रीच्या पेशीत ती बंद असते. नांगर नसला की सीडी ५५ आणि सीडी ५९ ही संरक्षक प्रथिनं गळतात आणि तांबड्या पेशी कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या, तावडीत सापडतात.

‘मग थेट जनुकच का वाचत नाही?’ असं बरेच डॉक्टर विचारतात. उत्परिवर्तनं जनुकभर विखुरलेली असतात, एकाच रुग्णात दोन-तीन वेगवेगळी सापडू शकतात आणि छोटा क्लोन (त्या बिघडलेल्या मूळपेशीपासून झालेल्या पेशींचा गट) जनुक वाचायच्या साध्या पद्धतीत, सिक्वेन्सिंगमध्ये, बुडून जातो. निदान फ्लोवरच होतं.

नमुना ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळीतला, शिरेतल्या रक्ताचा हवा. मज्जा मी घेत नाही. तिथल्या अपक्व पेशींवर ही प्रथिनं मुळातच कमी असतात आणि त्या क्लोनसारख्या भासतात. पांढऱ्या पेशींसाठी २४ तास उत्तम, ४८ तासांपलीकडे नको. फॉर्मवर रक्त शेवटचं कधी चढवलं ते लिहिलेलं नसेल तर वॉर्डला फोन करावाच लागतो.

पांढऱ्या पेशींच्या नळीत १०० मायक्रोलिटर रक्त, त्यात पेशींना चिकटणाऱ्या चमकत्या खुणा: फ्लेअर, आणि सीडी १५७, सीडी ६४, सीडी १५ व सीडी ४५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या अँटीबॉडी. अंधारात २० मिनिटं, मग लाइसिंग (तांबड्या पेशी फोडून टाकणं) १० मिनिटं, धुणं आणि लगेच मशीनवर. सीडी १५ वरून न्यूट्रोफिल, सीडी ६४ वरून मोनोसाइट हे पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखायचे. फ्लेअर हे एरोमोनास जिवाणूच्या एरोलायसिन या विषाचं निरुपद्रवी, चमकणारं रूप. ते कुठल्या एका प्रथिनाला न धरता थेट नांगरालाच चिकटतं. तरी एकट्या फ्लेअरवर मी रिपोर्ट देत नाही: मेलेल्या पेशी आणि गेटमध्ये (हव्या त्या पेशी निवडायला स्क्रीनवर आखलेल्या चौकटीत) घुसलेल्या भलत्या पेशीही फिक्या दिसतात. एकट्या सीडी १५७ वरही नाही. काही लोकांत ते जन्मतःच नसतं, आणि मग सगळे न्यूट्रोफिल सीडी १५७ निगेटिव्ह पण फ्लेअर झगझगीत असं चित्र येतं. तो पीएनएच नव्हे. सीडी १६ वापरणाऱ्यांना इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी असेच फसवतात. दोन्ही खुणा एकाच पेशीवरून गेलेल्या हव्यात, आणि मोनोसाइटमध्येही तेच दिसायला हवं.

सगळ्यात जास्त दमवते ती तांबड्या पेशींची नळी. फ्लेअर इथे कामाचं नाही, म्हणून तांबडी पेशी ओळखायला सीडी २३५ए आणि नांगर गेला का ते पाहायला सीडी ५९. रक्त बफरमध्ये १:१०० पातळ करायचं, २० मिनिटं ठेवायचं, दोनदा धुवायचं. अडचण सीडी २३५एची: त्यानं पेशींचे गठ्ठे होतात. निरोगी पेशीला चिकटलेली पीएनएच पेशी मशीनला एकच निरोगी घटना वाटते आणि क्लोन लहान दिसतो. अँटीबॉडीचं योग्य प्रमाण आधी टायट्रेट करून (वेगवेगळी प्रमाणं वापरून पाहून) ठरवून ठेवावं, धुतल्यावर आणि मशीनवर लावायच्या अगदी आधी नळी व्हॉर्टेक्सवर जोरात हलवावी, आणि जोड्या गेटनं बाहेर काढाव्यात. सीडी ५९ अजिबात नसलेल्या पेशी टाइप ३, थोडं उरलेल्या टाइप २. दोन्हींचे आकडे वेगळे द्यायचे.

तांबड्यांचा आकडा सहसा न्यूट्रोफिलपेक्षा कमी येतो, कारण त्या पेशी फुटून जातात आणि वर दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. क्लोनचा आकार म्हणून न्यूट्रोफिलचाच धरावा.

ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या (मज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनण्याच्या आजाराच्या) रुग्णांत क्लोन बहुधा इवलासा असतो. तिथे त्याच दिवशी निरोगी नमुना सोबत चालवते. १ टक्क्यावर असेल तर ‘पीएनएच क्लोन’, ०.१ ते १ टक्का ‘अल्प प्रमाणात जीपीआय-न्यून पेशी’, त्याखाली ‘दुर्मीळ जीपीआय-न्यून पेशी’ असं लिहून सहा महिन्यांनी पुन्हा नमुना मागते.