जादू जाते ती का जाते?

संपादकांचं पत्र आठ महिन्यांनी आलं. पत्र कसलं, एक ओळ: 'जग छान उभं केलंय, पण जादू जाते ती का जाते ते कळलं नाही.' खाली सही. सही त्या ओळीपेक्षा लांब होती.

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा पाठवली होती. एका कल्पित मुलखाची, जिथे आधी मंत्राने कामं व्हायची आणि पुढे वाफेवर व्हायला लागली. त्या मुलखावर माझी तीन वर्षं गेली होती. कर्जतहून सकाळची लोकल, संध्याकाळची परतीची लोकल, जाताना दोन तास, येताना दोन तास, खिडकी मिळाली की वही. नद्या, देव, सण, शिव्या, कोण काय खातं, हे सगळं दोन पावसाळ्यांत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कुणालाही जमेल. फक्त नकाशातले डोंगर रंगवत बसू नका. मी चार महिने बसले आणि नंतर कळलं की अंकात नकाशा छापतच नाहीत.

त्या ओळीचा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. कथा पुन्हा काढून वाचली. 'हळूहळू विद्या ओसरू लागली.' बस, एवढंच लिहिलं होतं. 'हळूहळू' हा शब्द मी एकूण अकरा वेळा वापरला होता, पेन्सिलीने गोल करून मोजला. जिथे मला उत्तर माहीत नव्हतं, तिथे तिथे तो येऊन बसला होता.

मग सुरू झालं ते खरं अडकणं. बाकी तीन वर्षं एकीकडे आणि हे दीड वर्ष एकीकडे.

पहिला तोडगा लोखंडाचा. आपल्याकडे बाळाच्या उशाशी विळा ठेवतात, नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार असते, म्हणजे लोखंडाला बाहेरचं काही घाबरतं ही समजूत घरचीच आहे, कुठून आणायला नको. मुलखात रूळ पडले, मैलोन् मैल लोखंड अंथरलं गेलं, जादू पळाली. मी खूश. रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्या विळीवर बसून दुधी चिरत होत्या. न थांबता म्हणाल्या, "मग विळीवर बसलेल्या बाईला कधी काही बाधलंच नसतं की गं." संपलं. नांगराचा फाळ, कोयता, पहार, खिळे, सगळं रुळांच्या आधीपासून घराघरांत होतं. तेव्हा जादूला काही झालं नाही आणि रुळांनीच कसं झालं?

दुसरा तोडगा विहिरीचा. जादू म्हणजे जमिनीखालचं पाणी, यंत्र म्हणजे बोअर. शेजाऱ्याने खोल बोअर मारली की आपली विहीर आटते, तसं. हे मला फार आवडलं होतं, दोन महिने मी त्यावरच जगले, चाळीस पानं लिहिली. मग एका सकाळी बदलापूरच्या आसपास लक्षात आलं की यंत्र जादूवरच चालत असेल, तर ते यंत्र कसलं? ती चाकं लावलेली जादूच झाली. मग कोण कुणाला वाट देतंय? चाळीस पानं फाडली नाहीत, पण बघितलीही नाहीत पुन्हा.

तिसरा छापखान्याचा. मंत्र गुप्त असतो तोवर मंत्र, छापला की नुसती ओळ. यासाठी मी वाचनही केलं. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला हात लावत नव्हती, तर त्यांनी तुपाची शाई केली. केवढी सुंदर गोष्ट आहे ही! तुपाची शाई मी तशीच उचलून माझ्या मुलखात नेली, ती अजून आहे. पण तोडगा टिकला नाही. आमच्या देवघरातली स्तोत्रांची पुस्तिका छापीलच आहे. तिची पानं सुटली, सासूबाईंचा तिच्यावरचा विश्वास सुटलेला नाही. छापल्यामुळे पंचांग घरोघर गेलं, म्हणजे छापखान्याने त्याचा अंमल वाढवलाच.

या काळात मी संपादकांना दोनदा फोन केला. म्हटलं, जरा बोलायचं होतं, तुम्हाला नेमकं काय खटकलं? एकदा 'मीटिंगमध्ये आहे', एकदा 'लिहा ना, मग बघू'. त्यांना एक ओळ लिहायला आठ महिने लागले होते. मी किती पानं लिहिली हे त्यांना कोण सांगणार.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, नाहीतर विसरेन. भावांची यादी करा. तुमच्या मुलखात शेर तांदूळ कितीला, वैदूची एक खेप कितीला, गाडीचं तिकीट कितीला. तिकीट वैदूपेक्षा स्वस्त झालं त्या वर्षी काहीतरी घडणारच, तुम्ही काही सुचवायची गरज पडत नाही. आणि नवे शब्द पाडत बसू नका. मी 'ऊर्ध्ववाष्पक' असं काहीतरी केलं होतं, आता आठवलं तरी लाज वाटते. आगगाडी या शब्दात केवढी जादू आहे! आणि खरी गंमत अशी की मराठीत हे काम आधीच होऊन गेलंय. मंत्र, तंत्र, यंत्र ही तीन भावंडं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून देवाजवळ ठेवायचं ते यंत्र, आणि कारखान्यातलंही यंत्रच. त्यातले दोघे कारखान्यात नोकरीला लागले, मंत्र तेवढा घरी राहिला. हे मला कथा तिसऱ्यांदा लिहिताना दिसलं. रोज वापरतो ते शब्द आहेत आणि दिसत नाहीत!

तर नागपूर. भाचीचं लग्न. आम्ही मुंबईकडचे, मुलाकडचे नागपूरचे. आमच्या गुरुजींनी मुहूर्त काढला होता तो मुंबईचा सूर्योदय धरून. सकाळी हॉलवर मुलाकडचे गुरुजी आले, पत्रिका बघितली आणि म्हणाले, "अहो, हा तुमच्या मुंबईचा सूर्य. आमचा पंचवीस मिनिटं आधी येतो. मुहूर्त गाठायचा तर आत्ताच अंतरपाट धरा." नवरी पार्लरमध्ये. नवरदेव मित्रांबरोबर फोटो काढतोय. दोन्ही गुरुजी आवाज चढवून, पण एकमेकांना 'आपण' म्हणत भांडताहेत. शेवटी हॉलच्या मॅनेजरने मिटवलं. तो म्हणाला, "पत्रिकेत छापलंय त्या टायमाला पाहुणे येणार, त्याच टायमाला पंगत बसणार. दुपारी दुसरं बुकिंग आहे." झालं. दोन्ही गुरुजी गप्प. सूर्य राहिला बाजूला आणि लग्न पत्रिकेच्या वेळेला लागलं.

मी मुठीत अक्षता धरून उभी होते आणि मंगलाष्टकं ऐकूच येत नव्हती.

पंचवीस मिनिटं! पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंश आहेत, हिशेब बरोबर येतो. आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटं. म्हणजे मुंबई ते नागपूर अंतर जवळजवळ एक घटका. पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवत, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. ती वाटी त्या गावच्या सूर्योदयाला सोडायची. दुसऱ्या गावची वाटी वेगळी. प्रत्येक गावाची आपली वेळ होती आणि ती वेळ साधली तरच काम साधायचं. 'वेळ साधणे' हे तर आपण रोज म्हणतो!

परतीच्या गाडीत सगळं बसलं. माझ्या मुलखात जादू करणाऱ्यांना आता वेळकरी म्हणतात. मंत्र कुणालाही पाठ असतो, ते गुपित नाहीच. कसब आहे ते वाटीचं. त्या जागी, त्या घटकेच्या त्या पळाला म्हटलं तर दगड ऐकतो, नाहीतर नाही. मग घाटात गाडी येते. रूळ एकेरी, वरून एक गाडी, खालून एक, आणि दोन्ही टोकांची घड्याळं वेगळी असली तर मधे टक्करच. म्हणून रेल्वे सगळ्या स्टेशनांना एक वेळ लावते. कुणी जादूवर बंदी आणत नाही, कुणी दुष्ट नाही. बाजार गाडीच्या वेळेला भरायला लागतो, शाळा स्टेशनच्या टोल्यावर भरते, वेळकरीण आपली वाटीही सोयीसाठी त्याच टोल्यावर सोडायला लागते. कर्जत आणि मुंबई यांच्या सूर्यात जेमतेम दोन मिनिटांचा फरक आहे. दोन मिनिटं म्हणजे पाच पळं. पाच पळांनी मंत्र हुकतो. म्हातारीला वाटतं आपण शब्द विसरलो. ती नातीला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवते, शब्द बरोबर असतात.

हे लिहिताना मी लोकलमध्ये रडले, एक बाई पाणी देऊ लागल्या.

नंतर पडताळलं. १९०६ साली देशभर एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने स्वतःची वेळ सोडली नाही, १९५५ पर्यंत तिथे एकोणचाळीस मिनिटं मागे असणारा 'बॉम्बे टाइम' तग धरून होता. अख्खं शहर पन्नास वर्षं आपल्या सूर्याला धरून बसलं होतं! यावरून मी माझ्या मुलखात एक हट्टी बंदर घातलं, जिथे जादू सगळ्यात शेवटी जाते. संपादकांना तेच प्रकरण आवडलं, असं कानावर आलंय.

आणखी एक. यंत्राला सगळं सोपं करून देऊ नका. आमच्याइथे अजून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाटासाठी मागून इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना, रात्री त्यांच्या भोंग्याने जाग येते. ठाण्यापर्यंत गाडी १८५३ ला धावली, पण बोरघाट चढायला १८६३ उजाडलं. सदतीस फूट पुढे तर एक फूट वर, असा तो चढ. माझ्या पहिल्या खर्ड्यात गाडी एका परिच्छेदात घाट चढली होती. आता तिला दहा वर्षं लागतात, बोगद्यात माणसं मरतात, आणि वाट दाखवायला वेळकऱ्यांनाच बोलवावं लागतं. ही कल्पना माझी नाही. घाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा धनगर, त्याने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं, तर साहेबाने गोळी घातली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले जाता जाता तिथे नाणी टाकतात. रस्त्यामुळे देव गेला म्हणता म्हणता रस्त्यानेच एक देव दिला. हे ज्याच्या मुलखात नाही, त्याच्या मुलखात काहीतरी राहून गेलंय असं मला वाटतं.

दिवा सगळ्यात शेवटी आणा. मी तो आधी आणला होता, चूक. खोपोलीला १९१५ साली पाण्यावर वीज तयार व्हायला लागली, डोंगरावरून उतरणारे ते मोठे पाइप लहानपणापासून बघतेय, पण त्यांनी नेमकं काय नेलं हे आत्ता कळलं. रामप्रहर, कलती दुपार, गोरज, दिवेलागण, तिन्हीसांजा, कातरवेळ, निजानीज. माझ्या मुलखात यातल्या प्रत्येक वेळेची वेगळी विद्या आहे. घड्याळाने त्यांची जागा हलवली होती, तरी नावं होती. बटण दाबून उजेड आल्यावर दिवेलागणच राहिली नाही. कातरवेळेला साडेसहा म्हणायला लागले. त्या प्रकरणात मी कुठेही 'हळूहळू' लिहिलेलं नाही.

कथा पुन्हा पाठवली. यंदा उत्तर तीन आठवड्यांत आलं, आणि चक्क दोन ओळींचं. 'उत्तम. घेतो आहोत. फक्त शेवटी जादू थोडीशी परत आणता येईल का?'

तो कागदही फ्रिजवर लावलाय, पहिल्याच्या शेजारी. उत्तर द्यायचं आहे. आठ महिने झाले की देईन.