पडद्याच्या कोपऱ्यातल्या चार ओळी

“इंटरनेट बंद पडलं की कळतंच, मग त्यासाठी संगणकावर पाटी कशाला?” हा प्रश्न मला सोसायटीतले शेजारी, कामानिमित्त घरी येणारे लेखक आणि एकदोनदा खुद्द केबलवाल्यानेही विचारला आहे. मी मुलुंडला घरूनच मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. माझ्या डेस्कटॉपच्या वरच्या कोपऱ्यात चार बारीक ओळी कायम दिसतात: राउटरचा प्रतिसाद, बाहेरच्या जाळ्याचा प्रतिसाद, नावांचा शोध (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांचा पत्ता मिळतो का) आणि शेवटच्या यशस्वी बॅकअपला उलटलेले तास. इंटरनेट गेल्याचे कळते हे खरेच आहे. पण ते नेमके कुठे अडले हे त्यावरून कळत नाही, आणि बॅकअप थांबल्याचे तर काहीच कळत नाही.

पहिल्या तीन ओळींमागे पिंग ही जुनी आज्ञा आणि नाव शोधण्याची एक साधी चाचणी एवढेच आहे. पिंग 1983 साली लिहिली गेली आणि आजही जवळपास प्रत्येक संगणकात असते. ती माहितीचे एक छोटे पाकीट पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. राउटरला पाठवलेले पाकीटच परत येत नसेल, तर दोष घरातला आहे आणि केबलवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. राउटर उत्तर देतो, पण 1.1.1.1 सारखा बाहेरचा पत्ता देत नाही, असे असेल तर मी भिंतीवरच्या फायबरच्या डबीकडे पाहतो. तिच्यावरचा एलओएसचा दिवा लाल असला, तर तारेतून प्रकाशच येत नाही, आणि तक्रार नोंदवताना हे सांगितले की “राउटर बंद करून चालू करा” हा पाठ पुन्हा ऐकावा लागत नाही. आकड्यांचे पत्ते उत्तर देतात, मात्र नावे सापडत नाहीत, हा तिसरा प्रकार; त्यात तार धडधाकट असते आणि फक्त डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा संगणक, बदलावा लागतो.

मुंबईच्या इमारतींत पहिली ओळच अधिक वेळा बिघडते. मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की आजूबाजूच्या घरांची नावे संपता संपत नाहीत, आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे तीनच. त्यामुळे सरासरी वेग चांगला दिसत असूनही मधलीच पाकिटे हरवतात आणि व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटतो. म्हणून मी वेगाऐवजी हरवलेल्या पाकिटांचे प्रमाण दाखवतो. कामाच्या संगणकाला मात्र सरळ लॅनची तार जोडावी, हे माझे मत कोणाला जुनाट वाटले तरी मी बदललेले नाही.

चौथ्या ओळीचे प्रकरण वेगळे आहे. बॅकअप थांबण्याची कारणे अगदी किरकोळ असतात: बाहेरच्या डिस्कची तार सैल होते, जागा भरते, क्लाउडचा पासवर्ड बदललेला असतो, किंवा कामाचे फोल्डर दुसरीकडे हलवले जाते आणि प्रोग्राम रिकाम्या जागेची प्रत इमानदारीने घेत राहतो. चूक झाली की सूचना देणारा प्रोग्राम मुळात चालू असावा लागतो. तोच बंद असेल तर शांतता पसरते आणि माणूस त्या शांततेलाच क्षेमकुशल समजतो. यासाठी माझ्या पाटीवर “सर्व ठीक” असे शब्द कुठेच नाहीत. बॅकअपचे काम शून्य त्रुटींनी संपले तरच ते चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एका फाइलवर वेळ उमटवते, आणि पाटी त्या वेळेचे वय मोजते. काहीही बिघडले, अगदी स्क्रिप्ट स्वतः बंद पडली, तरी वय वाढतच राहते आणि 36 तास ओलांडले की आकडा लाल होतो. त्याच्याशेजारी किती फाइली बदलल्या तेही दिसते. एखाद्या रात्री हा आकडा शून्य किंवा अचानक हजारोंच्या घरात गेला, तर मी आधी कारण शोधतो, कारण रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, फाइली कुलूपबंद करते तेव्हाही त्या “बदललेल्या” फाइलीच असतात. फोल्डर क्लाउडशी जुळते ठेवले म्हणजे बॅकअप झाला, असे मानणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे: इथे पुसलेले तिथेही पुसले जाते, आणि जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या नसतील तर मागे परतता येत नाही.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. संगणक आणि त्याच्याशेजारी ठेवलेली प्रत एकाच पाण्यात जाऊ शकतात हे त्यानंतर मुंबईकराला वेगळे समजावून सांगायला नको. माझी एक डिस्क पुण्याला भावाकडे असते. दिवाळीत आणि मे महिन्यात ती बदलली जाते, आणि ती तारीख पाटीवर मी हाताने लिहितो, कारण ते काम कोणतीही स्क्रिप्ट करू शकत नाही.

प्रत उघडते का, हा प्रश्न आमच्या धंद्यात फार टोकदार आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रामच्या फाइलीत जसाच्या तसा परत मिळतो, पण तो फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्यामुळे फॉन्टही बॅकअपमध्ये हवेत, आणि दर महिन्याला एक जुनी फाइल परत आणून, प्रत्यक्ष उघडून, एखादा परिच्छेद वाचून पाहावा लागतो.

लिनक्सवर मी ही पाटी कॉन्की या डेस्कटॉपवर माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने केली आहे. विंडोजवर रेनमीटर तेच काम करतो. एवढा खटाटोप नको असेल, तर मॅकवर टाइम मशीन आणि विंडोजवर फाइल हिस्ट्री या बॅकअपच्या सोयींच्या मेनूत किंवा पानावर शेवटच्या प्रतीची वेळ लिहिलेली असते. ती आठवड्यातून एकदा पाहिली तरी चौथ्या ओळीचे बरेचसे काम होते.