लोणी, अंडी आणि जाहिरात

वर्तमानपत्र हातात पडले की मी आधी छोट्या जाहिराती वाचतो, बातम्या नंतर. ही खोड मला आजोबांच्या ट्रंकेने लावली. तिच्या तळाशी तालुक्याच्या एका साप्ताहिकाचा पिवळा पडलेला ताव अंथरलेला असे, आणि कपडे बाहेर काढले की मी ट्रंकेत डोके घालून, चष्मे व घड्याळे खात्रीने दुरुस्त करून मिळण्याची ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसे. त्या ओळीला मला आजही डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

परवा दुपारी अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जपून ठेवलेली, एकोणिसाव्या शतकातील खेडोपाडीची साप्ताहिके चाळताना तोच वास आला. भोवती मक्याची आणि गव्हाची शेते, मध्ये जेमतेम हजार-दोन हजार वस्तीचे गाव, आणि पहिल्या पानाच्या कडेला वकील, दंतवैद्य, लोहार, खोगीर-लगाम शिवणारा असे सगळे आपापल्या चार ओळींच्या चौकटीत, पंगतीला मांडी घालून बसावे तसे एकाखाली एक बसलेले. किराणा दुकानदाराचे सांगणे असे की लोणी, अंडी आणि धान्य मालाच्या बदल्यात घेतले जाईल. संपादकाचेही फारसे निराळे नव्हते. वर्गणीपोटी सरपणाची गाडी किंवा मक्याची पोती आली, तर तीही तो उतरवून घेई.

मला पडलेले कोडे असे, की गावात रस्ता एकच, त्यावर लोहार एखाददुसरा, आणि त्याच्या घणाचा आवाज सगळ्या गावाला ऐकू येणार. मग त्याने पैसे मोजून आपला पत्ता कोणाला कळवायचा? ही जाहिरात नसून हजेरी होती, असे मला वाटते. चौकट दिसली नाही तर लोहार मेला, किंवा संपादकाशी भांडला, एवढाच अर्थ निघाला असता. शिवाय एकदा जुळवलेले छपाईचे खिळे सोडवण्याचा खटाटोप कोण करणार? चौकट तशीच ठेवून दर आठवड्याला पुन्हा यंत्रावर चढवत, त्यामुळे नाताळच्या खेळण्यांची जाहिरात पेरण्यांपर्यंत टिकलेली दिसते. आपल्याकडेही दीपावलीच्या शुभेच्छा संक्रांतीपर्यंत पोहोचलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.

विस्कॉन्सिनमधील बाराबू गावची गोष्ट मात्र वेगळी आहे. 1861 साली यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथील ‘बाराबू रिपब्लिक’च्या छापखान्यातले कामगार सैन्यात गेले. अंक काढायचा कसा, या विवंचनेत ॲन्सेल नॅश केलॉग या संपादकाने मॅडिसन शहरातून युद्धाच्या बातम्या एका बाजूला छापलेले ताव मागवले आणि कोऱ्या बाजूवर आपल्या गावाचा मजकूर छापला. अडचणीतून निघालेल्या या वाटेचा पुढे धंदा झाला. 1865 मध्ये केलॉगने शिकागोत बस्तान बसवले आणि असे अर्धे छापलेले ताव गावोगाव जाऊ लागले. तयार बाजूवर दूरच्या कारखानदारांच्या जाहिराती असत, आणि त्यांचे पैसे ताव पुरवणाऱ्याच्या खिशात जात. म्हणजे एकाच कागदाच्या एका अंगाला गावचा खोगीरवाला आणि दुसऱ्या अंगाला सर्व व्याधी बऱ्या करणारा, कोणी कधी न पाहिलेल्या माणसाचा काढा. कागद पातळ असल्यामुळे शाई थोडी आरपार उतरलेली असते. तेव्हा खोगीरवाल्याच्या नावामागून काढ्याची बाटली उलटी डोकावते.

पुढे बाटलीच वरचढ ठरली. 1872 साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने टपालाने माल विकण्यास सुरुवात केली, 1896 पासून सरकारी टपाल थेट शेतकऱ्याच्या दारात येऊ लागले, आणि गावच्या दुकानदाराचा जळफळाट झाला. वॉर्डच्या सूचीपत्रात काय मिळत नसे? पण त्या सूचीपत्रवाल्याला लोणी देऊन कापड घेता येत नसे, एवढे मी दुकानदाराच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मी हे सारे मजेत वाचत होतो. एका चौकटीत लाकूडसामान विकणाऱ्याची यादी होती. त्या गावांमध्ये खाटा करणारा सुतारच बहुधा अंत्यविधीचेही काम पाहत असे, हे ठाऊक असल्यामुळे यादीत शवपेट्या आल्या तेव्हा मला गंमतच वाटली. टेबले, खुर्च्या, पाळणे, शवपेट्या. शवपेट्यांपुढे दोन शब्द होते: सर्व मापांच्या. घटसर्पाची साथ आली की एकेका घरातील दोन-दोन, तीन-तीन मुले आठवडाभरात जात, तो हा काळ. सुताराने त्या शब्दांना वेगळा टाइपही वापरलेला नव्हता.

त्याखालची ओळ आरशांच्या चौकटींची होती.